जूनच्या आधी, दुपारी एकच्या आधी

कोल्हापूरहून गोव्यातल्या फोंड्याला येऊन मला एकवीस वर्षं झाली. आलो तेव्हा बरोबर सासूबाई होत्या आणि दोन वर्षांचा मुलगा. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल घेऊन गोव्यात बिऱ्हाड मांडणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि भोगावं लागलं ते सासूबाईंना.

भाड्याचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं होतं. अंगणात उतरायला तीन पायऱ्या. दुसऱ्या पावसाळ्यात सासूबाई तुळशीपाशी दिवा लावायला निघाल्या आणि पहिल्याच पायरीवर घसरल्या. खुबा मोडला. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, चिरा पाणी पितो आणि धरून ठेवतो, त्यावर शेवाळ आठ-दहा दिवसांत चढतं. लांबून ते दिसतही नाही. म्हणून मेअखेरीस पायऱ्या, न्हाणीची जागा, विहिरीचा काठ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी पुन्हा घासा. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पायरीला धरायला नळीचा कठडा बसवून घ्या. घरमालक नाही म्हणाला तर स्वतःच्या पैशाने बसवा. कुणी पडलंच आणि पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर उठवून चालवून बघू नका. झोपलेलं राहू द्या आणि 108 ला फोन करा.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे बरीच दुकानं दुपारी एकला बंद होतात ती चारच्या सुमारास उघडतात. त्यात फार्मसी येते आणि डॉक्टरांचा दवाखानाही. मुलाला सकाळपासून कणकण असेल तर ‘जेवणानंतर बघू’ म्हणू नका, एकच्या आत दाखवून या. रविवारचंही तसंच. आणि चवथीला, म्हणजे आपल्या गणपतीत, माणसं आपापल्या मूळ गावी जातात आणि बाजार ओस पडतो. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या आधीच आणून ठेवा.

इन्शुलिन घेणारं कुणी घरात असेल तर हे नीट वाचा. देशावर वीज गेली की आपण बाटली ओल्या माठात ठेवतो. इथे तो भरवसा धरू नका. माठ गार होतो तो पाणी उडून जातं म्हणून, आणि गोव्याच्या दमट हवेत ते फारसं उडत नाही. थर्मासची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या तयार ठेवा, पण बाटली फडक्यात गुंडाळूनच ठेवा. गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यावं लागतं.

तापाचं थोडक्यात सांगते. टाकीला घट्ट झाकण, विहिरीवर जाळी. मलेरियाचा आणि डेंग्यूचा डास दोन्ही स्वच्छ पाण्यात वाढतात, आणि डेंग्यूचा दिवसा चावतो, तेव्हा बाळाला दुपारीही मच्छरदाणीत निजवा. ताप आला तर पॅरासिटामॉलच द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. ताप उतरल्यावर पोटात दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर घरी थांबू नका. सत्तरी तालुक्यात राहायला गेलात तर रानात जाताना पाय झाकून जा. 2015 पासून तिथे गोचिडीतून होणारा माकडताप आढळतो, आणि काजूच्या दिवसांत माणसं रानातच असतात.

सासूबाई अंथरुणावर असताना शेजारची माई रोज यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, “बाय, तिका उकड्याची पेज दी,” म्हणजे उकड्या तांदळाची पेज. आम्ही मऊ भात देत होतो, तो त्यांना जात नव्हता. पेज गेली. सोबतचा खारा बांगडा मात्र बीपीवाल्याला नको.

कागदांचंही सांगायला हवं. 2016 साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना इथे पाच वर्षं राहिलेल्यांसाठी आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण मिळतं. तोवर गावाकडचा आरोग्य विमा मोडू नका. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांकडून 2018 पासून शुल्क घेतात. भाडेकरार, विजेचं बिल, मुलाच्या शाळेचा दाखला पहिल्या वर्षापासून एका फायलीत लावत चला, पुढे वास्तव्याचा पुरावा म्हणून ते उपयोगी पडतात.

सासूबाई पडल्या त्या संध्याकाळी यांनी फोन लावला आणि घराचा नंबर सांगत बसले. नुसत्या नंबरावरून पलीकडच्या माणसाला काही उमगेना. शेवटी माईने फोन हातातून घेतला आणि गाव, वाडा, देऊळ, देवळापुढचा पार, पारावरून डावीकडची वाट असं भराभर सांगितलं. गाडी आली. तो पत्ता त्याच क्रमाने लिहून मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. तुम्हीही शेजाऱ्याला विचारून, तो सांगेल त्याच शब्दांत, सामान लावायच्या आधी लिहून घ्या.