हॅलोविनच्या गोडधोडाची तयारी: आधी पाकीट उलटं करा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये मैत्रिणींचे फोन सुरू होतात. मुलांची हॅलोविन पार्टी आहे, भुताखेतांसारखं दिसेल असं गोड काहीतरी घरीच करायचंय, काय करू? दरवर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा यंदा एकदाच नीट लिहून ठेवते. पदार्थ सोपे आहेत, ते कुणालाही जमतील. मला जे सांगायचंय ते पदार्थांच्या आधीचं आहे: जिलेटिन, म्हणजे मिठाईला लवचिकपणा देणारा, जनावरांपासून काढलेला पदार्थ.

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतं. दिवसभर फराळाचं राहिलेलं आवरत होते आणि सहा वाजता चौदा मुलं यायची होती. मी पुडिंगच्या कपांवर चॉकलेट बिस्किटांचा चुरा पसरून कबरीची माती केली आणि त्यात दुकानातून आणलेल्या गमीच्या (रबरासारख्या चिवट गोळीच्या) अळ्या खोचल्या. मैत्रिणीची नऊ वर्षांची मुलगी अर्धा कप खाऊन स्वयंपाकघरात आली. त्यांच्या घरी काटेकोर शाकाहार. म्हणाली, "मावशी, याचं पाकीट आहे का?" मी कचऱ्याच्या डब्यातून काढून दिलं. तिनं ते ओट्यावर तळहातानं सपाट केलं, बारीक अक्षरांखालून बोट फिरवत नेलं आणि एका शब्दावर थांबवलं. मग एक अक्षर न बोलता सिंकपाशी गेली आणि चूळ भरली. तीन वेळा. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा पहिलं काम हे. दहा दिवस आधी, खरेदीची यादी करायच्याही आधी, येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला किंवा बाबांना वेगवेगळा निरोप पाठवा. ॲलर्जीचं सगळेच विचारतात, शाळेमुळे ती सवय लागली आहे. शेंगदाणे, बदाम-अक्रोड, अंडं, दूध, तीळ, गहू, सोया हे तर विचाराच, आणि आणखी कशाची आहे का तेही. पण "जिलेटिन चालतं का?" हा प्रश्न वेगळा, त्याच शब्दांत विचारा. "तुम्ही व्हेज ना?" असं विचारू नका. अंडं खाणारी माणसं इथे स्वतःला व्हेज म्हणवतात, मासे खाणारीही कधी कधी म्हणवतात, आणि जिलेटिन कशात असतं हे अर्ध्या लोकांना ठाऊकच नसतं. शाकाहारी घरांइतकाच हा प्रश्न मुसलमान आणि ज्यू घरांसाठीही महत्त्वाचा आहे, कारण जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात आणि इथल्या मिठाईत ते बरेचदा डुकराच्या कातडीचं असतं. पाकिटावर नुसतं 'जिलेटिन' लिहिलेलं असतं. कुठल्या जनावराचं, हे लिहायचं बंधन नाही.

आपली चूक होते ती सवयीमुळे. भारतात आपण पाकिटाच्या पुढच्या बाजूवर हिरवा ठिपका पाहतो आणि निर्धास्त होतो. इथल्या पाकिटावर तो ठिपका नसतो. पुढच्या बाजूवर भोपळा हसत असतो, 'खऱ्या फळांच्या रसाचं' असंही ठळक लिहिलेलं असतं, आणि जिलेटिन मागे, पाचव्या-सहाव्या शब्दाला. म्हणून दुकानात उभं असतानाच पाकीट उलटं करा. घरी आणून वाचलंत तर पार्टीच्या दिवशी ते घरात असतंच आणि घाईत कुणीतरी ते उघडतंच.

कशाकशात असतं? गमीच्या अळ्या, अस्वलं, कवट्या. मार्शमेलो, म्हणजे त्यापासून केलेल्या राइस क्रिस्पीच्या वड्याही आल्या. कँडी कॉर्न, ते पिवळं-केशरी-पांढरं दाण्याच्या आकाराचं, ज्यात कुणाला शंकाही येत नाही. जेलीचे पुडे. पुडिंगचे पुडे त्याच शेल्फवर शेजारी असतात, त्यांत बहुधा स्टार्च असतो आणि ते चालतात, पण डबे सारखेच दिसतात, तेव्हा वाचा. काही दह्यांतसुद्धा असतं, विशेषतः घट्ट, कमी स्निग्धांशाच्या. दही कोण वाचतं? तुम्ही वाचा. आणि कोशर (ज्यू धर्मनियमांत बसणारा) किंवा हलाल असा शिक्का असला म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं नाही. तो माशाच्या किंवा त्या पद्धतीनं कापलेल्या जनावराच्या जिलेटिनचा असू शकतो. 'वेगन' लिहिलेलं असेल तरच निःशंक घ्या.

वाचायला लागलातच तर आणखी दोन शब्द. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात. २०११ पासून अमेरिकेत तो पाकिटावर नावानिशी लिहावा लागतो, त्यामुळे सापडतो. आणि कन्फेक्शनर्स ग्लेझ म्हणजे लाखेची चकाकी, तीही किड्यांचीच. साखरेचे तयार डोळे मिळतात ना, केकवर चिकटवायचे, त्यांवर आणि रंगीत स्प्रिंकल्सवर बरेचदा ती असते. काही घरांना चालते, काहींना नाही. विचारलंत की कळेल.

आता पदार्थ. मी मुख्य असे चारच सांगते, कारण चारांवर गेलात की एकही धड होत नाही.

पहिला, अळ्या. गमीच्या नाही, घरच्या, चायना ग्रासच्या. अगर-अगरची पावडर इंडियन ग्रोसरीत मिळते, ती समुद्री शेवाळापासून करतात. दोन कप द्राक्षाचा किंवा डाळिंबाचा गाळलेला रस, त्यात दोन सपाट टीस्पून पावडर. पावडर आधी थंड रसात ढवळून घ्या, गरम रसात टाकलीत तर गुठळ्या होतात. मग दोन मिनिटं खरोखर उकळू द्या. नुसतं गरम करून चालत नाही, अगर ८५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय नीट विरघळत नाही. चार चमचे नारळाचं दूध घातलंत की रस गढूळ होतो आणि अळी जास्त खरी दिसते. वाकणाऱ्या जाड स्ट्रॉ घ्या, त्यांचा सुरकुत्यांचा भाग पूर्ण ताणा (अळीच्या अंगावरची वळी त्यानेच उमटतात), उंच पेल्यात गच्च उभ्या करा, रबरबँड लावा. पेला असा निवडा की स्ट्रॉ हलणार नाहीत, नाहीतर रस सगळा बाहेर राहतो. आणि ओतायला उशीर लावू नका. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांवर, म्हणजे फ्रिजबाहेर ओट्यावरच गोठतो. मी एकदा फोन घ्यायला गेले आणि पातेल्यातच जेली झाली. तसं झालं तर घाबरू नका, पुन्हा उकळा, पुन्हा वितळतो. गोठल्यावर स्ट्रॉ ओट्यावर आडवी ठेवून लाटण्यानं एका टोकाकडून दाबत न्या, अळी दुसरीकडून सरसरत बाहेर येते. हे काम मुलांना द्या, पार्टीतला सगळ्यात मोठा आरडाओरडा तिथे होतो. गमीसारख्या त्या ताणल्या जात नाहीत, कचकन तुटतात, हे मुलांना आधी सांगा. मग कुणी तक्रार करत नाही.

दुसरा, घारगे. आपल्याकडे लाल भोपळ्याचे घारगे आहेत आणि इथे ऑक्टोबरभर रस्त्याच्या कडेला भोपळ्यांचे ढीग लागतात, यापेक्षा सरळ जोड कुठली! फक्त कोरायचा मोठा भोपळा आणू नका, तो पाणचट आणि दोरेदार असतो, दिवा लावायलाच ठीक. छोटा शुगर पम्पकिन घ्या, किंवा बटरनट स्क्वॉश. कीस तुपावर परतून मऊ करा, गूळ घाला, विरघळू द्या, वेलदोडा, चिमूटभर मीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ, चमचाभर गरम तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात नाही. वेळ नसेल तर डब्यातला भोपळा चालतो, पण तिथेही डबा वाचा: 'पम्पकिन' वेगळा आणि 'पम्पकिन पाय मिक्स' वेगळा, दुसऱ्यात साखर आणि मसाले आधीच असतात. जाडसर लाटा, भोपळ्याच्या आकाराच्या कटरनं कापा, स्ट्रॉनं डोळे आणि सुरीच्या टोकानं दात कोरा. भोकं पाडल्यामुळे फुगणार नाहीत, नको फुगू देत. मंद आचेवर तळा, गुळामुळे पटकन काळे पडतात. आदल्या दिवशी केलेत तर चव उलट मुरते. माझ्या आईचे घारगे कोल्हापूरहून निघून हसरे होतील असं तिला कधी वाटलं नसेल, पण व्हिडिओ कॉलवर पाहिल्यावर तिनं "दात जरा मोठे कर" एवढंच सांगितलं.

तिसरा, श्रीखंडावरचं कोळ्याचं जाळं. ग्रीक दही रात्रभर कापडात टांगा. दह्याच्या डब्याची मागची बाजू वाचलीत ना? मी परत विचारतेय, कारण मागच्याच वर्षी मीसुद्धा एक डबा दुकानात ठेवून आले. श्रीखंड पसरट काचेच्या भांड्यात सपाट करा. जाळ्यासाठी नुसतं वितळलेलं चॉकलेट घेऊ नका. थंड श्रीखंडावर ते क्षणात कडक होतं आणि टूथपिक फिरवताना तुकडे होतात. तीन भाग चॉकलेटला दोन भाग गरम क्रीम, असं पातळसर मिश्रण करा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा अगदी सुईएवढा कापा, मधून बाहेर गोल गोल रेघ काढा, मग टूथपिक मध्यापासून कडेकडे ओढा, आठ वेळा. प्रत्येक ओढीनंतर टोक पुसा. न पुसता ओढलंत की चिखल होतो. चॉकलेट वितळवताना भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, ते गोळा होऊन बसतं. कोळी म्हणून एक काळा खजूर आणि चॉकलेटचे पाय पुरेत.

चौथा, डोळे. डब्यातले रसगुल्ले हलक्या हातानं पिळा, छोट्या चमच्याच्या पाठीनं खळगा करा, त्यात अर्धी ब्लूबेरी कापलेली बाजू खाली करून बसवा. डोळ्याच्या लाल शिरा काढायला रासबेरीचा गाळलेला रस, किंवा घरात असेल तर कोकमचं आगळ साखर घालून आटवलेलं. त्याचा रंग रक्ताच्या फार जवळ जातो आणि आंबटपणामुळे रसगुल्ला गोडमिट्ट लागत नाही. हे मात्र वाढायच्या अर्धा तास आधीच करा, ब्लूबेरीचा जांभळा रंग झिरपून डोळा सुजल्यासारखा दिसतो. चार वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना रसगुल्ला चिरून द्या. अख्खी द्राक्षं त्यांच्यासाठी ठेवूच नका. द्यायचीच तर उभी, चार भागांत कापा.

अंडं न वापरता पांढरी भुतं करायची असतील तर काबुली चण्याच्या डब्यातलं पाणी फेटून होतात. बिनमिठाचा डबा, भांड्याला तेलाचा अंश नको, दहा मिनिटं फेटणं, थोडी थोडी साखर, २०० फॅरनहाइटला दोन तास, आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. दमट दिवशी चिकट होतात. जमली तर जमली.

चेटकिणीच्या बोटांची बिस्किटं सगळेच करतात. नखाला बदामाऐवजी भोपळ्याची सोललेली बी लावा, कारण निरोपात एक तरी घर बदामाला नाही म्हणतंच.

खरेदी आठवडाभर आधी. घारगे आणि भुतं आदल्या दिवशी, चक्का आदल्या रात्री टांगा, अळ्या सकाळी, जाळं दुपारी, डोळे शेवटी. ड्राय आइसचा धूर मुलांच्या पार्टीत नकोच. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो उणे ७८ अंश सेल्सिअसचा असतो, बोट भाजतं आणि पोटात गेला तर दवाखाना. प्लेटा, नॅपकिन, कचऱ्याच्या पिशव्या तुम्हाला माहीत आहेत.

एक मात्र ऐका. पाहुणे येताना काही ना काही घेऊन येतात, हातात मोठी पिशवी आणि आत रंगीबेरंगी गमी. नाही म्हणता येत नाही. ती पिशवी तुमच्या वाडग्यात ओतू नका. उलटी करा, वाचा, जिलेटिन असेल तर वेगळ्या ताटलीत ठेवून ठळक चिठ्ठी लावा, टेबलाच्या वेगळ्या टोकाला. चिमटेही वेगळे.

मागच्या वर्षी ती मुलगी पुन्हा आली. दारातच मी तिच्या हातात अगरचं पाकीट दिलं. तिनं पूर्ण वाचलं, मागे-पुढे दोन्हीकडून, मग पाच अळ्या खाल्ल्या आणि सहावी खिशात घातली.

तेव्हा सगळी रिकामी पाकिटं, डबे, झाकणं एका पिशवीत ओट्याखाली ठेवा आणि शेवटचं मूल घरी जाईपर्यंत ती पिशवी कचऱ्यात टाकू नका.