अलंग-मदनला तंबू घेऊन जाताय आणि परतीचा पाऊस अजून गेला नाहीये, तर...

ऑक्टोबर लागला की आपल्या मुंबईकर ट्रेकर मंडळींचे पाय शिवशिवायला लागतात, गवत अजून हिरवं असतं, सोनकी फुललेली असते, गडावरची टाकी काठोकाठ भरलेली असतात आणि सगळ्यांना वाटतं की पाऊस संपला. मान्सून मुंबईतून निघायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण ती सरासरी आहे, आणि जाता जाता तो दुपारनंतर गडगडाट करत येतो. जुलैत माणूस भिजायच्या तयारीनेच निघतो, ऑक्टोबरमध्ये सकाळी कडक ऊन बघून पोंचो (अंगावर घ्यायचा रेनकोट) गाडीत ठेवतो आणि तिथेच फसतो. अलंग-मदन-कुलंग हा तर शेजारशेजारच्या तीन किल्ल्यांचा, दोर लावून चढायचा ट्रेक, त्यामुळे तिथे फसणं म्हणजे नुसतं भिजणं नाही.

तेव्हा पहिलं काम घरी बसूनच करायचं. पाऊस आला तर काय सोडायचं आणि कुठल्या क्रमाने सोडायचं हे निघायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि ग्रुपवर लिहून टाकायचं. आमचा क्रम असा आहे, आधी रॉक पॅच, म्हणजे दोर लावून चढायचा उभा कातळ, तो सुटतो, मग वरचा मुक्काम सुटतो, चालणं सगळ्यात शेवटी. कड्याखाली उभं राहून ठरवायला गेलात ना तर कधीच नीट ठरत नाही, कारण तिथे एक जण म्हणतो एवढ्या लांब आलोय, दुसरा म्हणतो सरतंय बघ आभाळ, आणि ज्याला खरंच भीती वाटतेय तो गप्प बसतो.

हवामान बघताना मुंबईचं बघू नका. आपल्याकडे कुलाब्याला ऊन पडलं म्हणून घाटावर काही सांगता येत नाही. हवामान खात्याच्या साईटवर जिल्हावार इशारे असतात, त्यात नाशिकचा घाटमाथा वेगळा दिलेला असतो, तो बघायचा, आणि भंडारदऱ्याच्या बाजूला जाणार असाल तर अहिल्यानगरचाही. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर विषय संपला, तारीख पुढे ढकला. यलो असला तरी खाली काय लिहिलंय ते वाचा, 'विजांच्या कडकडाटासह' असे शब्द असतील तर मी दोराचं सामान घरीच ठेवतो. त्याशिवाय नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या ३ तासांपुरता अंदाज येतो, आणि वीज कुठे पडतेय ते दाखवणारं दामिनी अ‍ॅप आहे, दोन्ही फोनवर ठेवा, पण पुढे गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून शेवटची नजर वाटेत घोटीलाच टाकून घ्या.

जायचं कसं तर शुक्रवारी रात्री बाराच्या आसपास सुटणारी शेवटची कसारा लोकल, तिथून आधी सांगून ठेवलेली जीप, इगतपुरी, घोटी करत उजाडायच्या आत आंबेवाडी. गावात पोचलात की अर्धा तास थांबा. चहा घ्या, वाटाड्या मामांशी बोला, आणि फक्त वाट विचारू नका, काल दुपारी किती वाजता पाऊस आला होता ते विचारा, परवा किती वाजता ते विचारा. परतीचा पाऊस दोन-चार दिवस साधारण एकाच वेळेला येत राहतो, त्यामुळे मामा म्हणाले की रोज तीनला येतोय तर तुमचा दिवस एक वाजता संपला असं धरून चाला. वनखात्याची परवानगी, वर मुक्कामाला सध्या बंदी आहे का, हेही तिथेच किंवा आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

आता हिशोब बघा. पॅचवर एका माणसाला हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) तपासून, दोर बांधून, चढून, वर सुटा होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं आरामात जातात. बारा जण असतील तर तीन-चार तास नुसते त्या एका पॅचवर. म्हणजे पहिला माणूस दहाला उन्हात चढतो आणि शेवटचा दीड वाजता काळ्या ढगाखाली उभा असतो, आणि त्याच्या डोक्यावर अकरा जण. म्हणून या दिवसांत सहा-सातच्या वर माणसं नेऊ नका, मग कोणी कितीही जवळचा मित्र असो. गर्दी हेच माझ्या मते या ट्रेकमधलं सगळ्यात मोठं संकट आहे, पावसापेक्षाही.

पॅचच्या पायथ्याला पोचलात की हात कातळावर सपाट ठेवा. कातळ ओला आहे का, खाचेत शेवाळ आहे का, वरून बारीक पाणी ओघळतंय का. ओला बसाल्ट आणि त्यावर गवताची माती म्हणजे बूट कितीही महागाचा असो, धरत नाही. दोर ओला झाला की जड होतो, त्याची ताकद कमी होते, आणि उतरताना तो डिसेंडरमधून (दोरावरून उतरायच्या धातूच्या साधनातून) कोरड्या दोरापेक्षा भलताच सरकतो, म्हणून प्रत्येकाला प्रुसिक (दोरावर आवळून बसणारी सुरक्षेची गाठ) लावल्याशिवाय रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, सोडू नका आणि खालून एक जण दोर धरून हवाच. कातळात ठोकलेले जुने बोल्ट दिसतात, ते गंजलेले असतात, एकट्या बोल्टवर कधीच विसंबू नका. आणि हेल्मेट. पावसानंतर ऊन पडलं की सुटे झालेले दगड खाली येतात, तेव्हा जेवतानासुद्धा कड्याखाली असाल तर डोक्यावर राहू द्या.

आम्ही एकदा मदनच्या पायऱ्या चढून पॅचखाली पोचलो होतो, पावणेबारा वाजलेले, आभाळ स्वच्छ. मामा कुलंगकडे बघत होते. म्हणाले, "दादा, ढग कुलंगला टेकला. आता तुम्ही वर जाल, पण आज खाली येणार नाही." आमच्यातल्या दोघांचे चेहरे पडले, एक जण तर खास पुण्याहून आला होता. पण घरी ठरलं होतं म्हणून वाद झाला नाही, दोर पिशवीतून काढलाच नाही, फिरलो. जंगलात शिरेपर्यंत सव्वा वाजला आणि मग जे कोसळलं, त्या पायऱ्यांवरून पाण्याचा पडदा पडताना आम्ही खालून बघितला.

विजेबद्दल नीट सांगतो कारण यात लोक बेफिकीर असतात. वीज दिसली की मोजायला लागा, दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर. ३० मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, माथा, सोंड, पठार सोडून खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. एकट्या झाडाखाली नको, उथळ गुहेच्या तोंडाशी नको, भिंतीला पाठ टेकून नको. कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), काठ्या लांब ठेवा, एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा. याच कारणाने अलंगच्या ऐवजी कळसूबाईला जाऊ म्हणणाऱ्यांना मी सांगतो, पाऊस साधा असेल तर जरूर जा, बारी गावावरून वाट सरळ आहे, पण गडगडाट असेल तर १६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आणि वाटेत लोखंडी शिड्या, ही जागा नाही. त्या दिवशी रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं देऊळ शांतपणे बघा, गावातच राहा.

तंबूचं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण मऊ गवताची खोलगट जागा दिसली की मोह होतो. आम्हालाही झाला होता. रात्री दोनला जाग आली ती पाठीला गार लागून, हात खाली दाबला तर मॅटखाली पाणी इकडून तिकडे सरकत होतं, पाण्याच्या गादीवर झोपल्यासारखं. तंबूखाली अंथरलेली ग्राउंडशीट तंबूच्या बाहेर चार बोटं आली होती आणि फ्लायशीटवरचं, म्हणजे तंबूच्या वरच्या आवरणावरचं, सगळं पाणी तिने आत घेतलं होतं. म्हणून ग्राउंडशीट नेहमी आत दुमडा, थोड्या उताराची जागा घ्या, तंबूचं तोंड वाऱ्याकडे नको, आणि ओल्या मातीत पेग (तंबूचे खुंट) सुटतात तेव्हा प्रत्येक पेगवर दगड ठेवा. कड्याच्या अगदी बुडाशी लावू नका. गुहा मिळाली तर उत्तमच, पण आत धूर करू नका, आग्या मोहोळ असतं. आणि पाऊस आहे म्हणून बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, विषारी वायू साठतो, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो.

कपड्यांचा एक जोड दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून तळाशी, तो फक्त झोपायला, काही झालं तरी चालताना घालायचा नाही. जीन्स नको. भिजल्यावर वारा लागला की आपल्या सह्याद्रीतही माणूस गारठून जातो. कोणी थरथरतोय, बोलताना जीभ जड झालीये, नुसता बसून राहतोय असं दिसलं तर ताबडतोब ओले कपडे काढा, कोरडे घाला, स्लीपिंग बॅगेत घाला, गोड गरम चहा द्या. दारू अजिबात नाही.

उतरताना ओढा गढूळ झालाय, पानंकाटक्या वाहून येतायत असं दिसलं तर वर कुठेतरी जोरात पडलंय, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडू नका, अलीकडेच बसा, पाऊस थांबला की डोंगरातलं पाणी सहसा दोन-तीन तासांत उतरतं. सोमवारी ऑफिस आहे म्हणून कोणी पाण्यात उतरतो, म्हणूनच मी सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवतो आणि घरीही सोमवार संध्याकाळ सांगून निघतो.

घरी आल्यावर दोर गोणीत तसाच ठेवू नका. साध्या पाण्याने धुवायचा, गॅलरीत सावलीत सैल टांगायचा, उन्हात नाही. मुंबईच्या दमट हवेत तीन-चार दिवस लागतात, पंख्याखाली ठेवलात तर लवकर. वाळला की सगळा दोर बोटांतून वीत-वीत सरकवत बघायचा, कुठे मऊ पडलाय, कुठे साल फुगलीये ते हाताला कळतं, आणि तसं लागलं तर तो दोर पुढच्या वेळी न्यायचा नाही.