बैठकीतील मान आणि नजरेची दिशा

गणेशोत्सव मंडळ असो, देवस्थानची पंच कमिटी असो किंवा उचगाव, कडोलीसारख्या गावातील साहित्य संमेलनाची तयारी असो, बेळगाव परिसरातील बैठकीत कोणाच्या शब्दाला किती वजन आहे हे पदावरून पूर्णपणे कळत नाही. ते जाणून घ्यायचे असेल, तर बोलणाऱ्याची नजर वाक्य संपवताना कोणावर स्थिरावते ते पाहावे. नवख्या सदस्याने सुरुवातीच्या बैठकांत एवढे निरीक्षण केले तरी पुरे.

स्वतः बोलताना मात्र खाली पाहू नये. बहुतेक माणसे ऐकताना समोरच्याकडे पाहतात आणि बोलू लागली की नजर चुकवतात. जो बोलतानाही तितकेच पाहतो, तो पाहणाऱ्यांना अधिक अधिकाराचा वाटतो, असे डोव्हिडिओ आणि एलिसन या अमेरिकी संशोधकांनी 1982 मध्ये दाखवले. आपल्याकडे या निष्कर्षाला मुरड घालावी लागते, कारण वडीलधाऱ्यांकडे रोखून पाहणारा तरुण उद्धट ठरतो. म्हणून बोलण्याची सुरुवात ज्येष्ठांकडे पाहून करावी, मुद्दा मांडताना नजर सगळ्यांवरून फिरवावी आणि शेवटचे वाक्य, ज्याला ते काम करायचे आहे त्याच्याकडे पाहून संपवावे.

सतरंजीवर बसताना दाराजवळची जागा टाळावी. तिथे बसणाऱ्यावर चहा-पाण्याची कामे येतात आणि चर्चा ऐन रंगात आलेली असतानाच त्याला उठावे लागते. ज्येष्ठांच्या समोर, त्यांना सहज दिसेल असे बसावे. छाती काढून, हातपाय पसरून बसण्याने आत्मविश्वासाची संप्रेरके वाढतात, हा 2010 मधील गाजलेला दावा 2015 च्या मोठ्या फेरतपासणीत टिकला नाही, तेव्हा त्याचा सराव करण्यात वेळ घालवू नये.

अधिकारी कन्नडमधून बोलत असेल आणि आपल्यातील कोणी ते मराठीत सांगत असेल, तर सगळ्यांच्या माना नकळत सांगणाऱ्याकडे वळतात आणि अधिकाऱ्याला आपल्याला वगळल्यासारखे वाटते. अशा वेळी नजर अधिकाऱ्याकडेच ठेवावी.

ज्यांचा शब्द आधीच चालतो, त्यांच्यावर जबाबदारी अधिक आहे. एका बाजूला बसलेल्या स्त्रियांपैकी कोणी बोलू लागली, की बाकीचे आधी त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहतात. त्यांनी त्या वेळी मोबाइल खाली ठेवून तिच्या दिशेने अंगासकट वळावे आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत तसेच बसावे, म्हणजे इतरांनाही मध्येच तोडून बोलणे जड जाते.