पाखाडीवरून सामान उतरवायचंय? मग खोके भरायच्या आधी हे वाचा

घर हलवायचं ठरलं की सगळे आधी खोके गोळा करत सुटतात. आम्हीपण तेच केलं. वाण्याकडून, मेडिकलवाल्याकडून, शेजारच्या आंबेवाल्यांकडून मिळतील तेवढे खोके आणून पडवीत रचले आणि मग लक्षात आलं की आमच्या दारापासून गाडी उभी राहते तिथपर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे, चांगल्या सत्तर-ऐंशी पायऱ्या, आणि भरलेला खोका तिथून कोण नेणार नि कसा याचा विचारच कुणी केलेला नाही.

मी दोनदा घर हलवलंय. पहिल्यांदा हेदवीजवळच्या वाडीतून रत्नागिरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मे महिन्याच्या शेवटी, आणि त्यात जे जे चुकू शकतं ते सगळं चुकलं. दुसऱ्यांदा रत्नागिरीतल्या रत्नागिरीत, डिसेंबरात, तेव्हा संध्याकाळी सहाला आम्ही नव्या घरात जेवायला काय करायचं यावर बोलत होतो. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं पहिल्या वेळेने शिकवलंय.

आधी तारीख

शाळा-बदल्यांमुळे बहुतेकांची घरं मे महिन्यात हलतात आणि कोकणात नेमका तोच महिना वाईट. एप्रिल-मेमध्ये पिकअप, टेम्पो सगळे हापूस घेऊन वाशी मार्केटच्या फेऱ्या मारत असतात, गडीमाणसं बागेत नाहीतर आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामात, कौलं चाळणं, लाकडं भरणं, बेगमी. तुम्हाला गाडी मिळते ती उरलेली आणि माणसं मिळतात ती 'सकाळी येतो हां' म्हणून दुपारी उगवणारी. वर ७-८ जूनला मृग लागतो, पण वळीव काही पंचांग बघून येत नाही. आम्ही २८ मे धरली होती, पाऊस नाही असं गृहीत धरून. साडेदहाला पहिली सर आली, तेव्हा अर्धं सामान पाखाडीवर होतं.

हातात असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ धरा. हवा कोरडी, पायऱ्यांवर शेवाळ नाही, भातकापणी झालेली त्यामुळे माणसं मोकळी आणि पॅकिंगला ताजा पेंढा फुकट. मे टळतच नसेल तर निदान पहिला पंधरवडा घ्या आणि गाडी महिनाभर आधी सांगून ठेवा, अॅडव्हान्स देऊन. उलटं, म्हणजे मुंबईहून गावी यायचं असेल तर आंब्याचा सीझन फायद्याचा पडतो, कारण वाशीला आंबा उतरवून गाड्या रिकाम्या परत येतात आणि रिटर्न गाडी स्वस्तात ठरते. ओळखीच्या बागायतदाराला नुसतं विचारा.

गाडी ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: गाडी दारापासून किती लांब उभी राहणार, पायऱ्या किती, नव्या घरी मजला कितवा, लिफ्ट आहे का. हे आधी न सांगता ऐनवेळी भांडण होतं आणि चूक आपलीच असते. खाडी ओलांडायची असेल तर फेरीबोटीवर भरलेला टेम्पो ताडपत्रीसकट केवढ्या उंचीचा घेतात ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. आम्हाला तवसाळहून जयगडला उतरायचं होतं, ते जमलं नसतं तर लांबचा वळसा पडला असता, सगळी बरणीबोळकी सांभाळत.

काय न्यायचं नाही ते आधी ठरवा

आपल्याकडे गावचं घर सहसा सुटत नाही. कुलूप लागतं, पण गणपतीला उघडतंच. त्यामुळे घर हलवताना घरातलं सगळं हलवायचंच नसतं आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी उत्साहाने सगळी भांडी भरली, आणि भाद्रपदात वाडीत पोचलो तर चहाला पातेलं नाही. शेजारच्या काकूंकडून परात, पळी, कढई मागून आणली नि त्यांनी दिलीही, पण 'अगो, तुमच्याकडे केवढी भांडी होती' हे ऐकावं लागलंच.

म्हणून पहिल्याच दिवशी एक वही घ्या आणि गणपतीत दहा माणसं आली तर घरात काय लागेल त्याची यादी करा. ते मागे राहणार. मखर, समई, पाट, मोठी पातेली, विळी, चार चटया, दोन बादल्या. देवघरातले रोजच्या पूजेचे देव बरोबर न्यायचे की कसं हे घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येक घरची पद्धत वेगळी, त्यात मी पडत नाही.

जे मागे राहील त्यालाही तयारी लागते, नाहीतर उंदीर नि बुरशी वाटच बघत असतात. गाद्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, सुंभाने वाशाला टांगायच्या. भांडी कोरडी करून पालथी. पुस्तकं, फोटो, लाकडी पाट भिंतीपासून वीतभर लांब, कारण वाळवी भिंतीतून येते. मेन स्विच बंद. वाडीतल्या एकाकडे किल्ली द्या आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आत डोकावून कुठे गळतंय का बघायला सांगा.

माळ्याला महिना आधी हात घाला. शेवटच्या आठवड्यात माळा उघडलात तर मेलात. आमच्या माळ्यावर तांब्याचं घंगाळ, तीन मोडके कंदील, नवऱ्याच्या सातवीच्या वह्या आणि एक जातं निघालं. सासूबाई म्हणाल्या, "जातं घ्या." मी म्हटलं, "आई, तिसऱ्या मजल्यावर जातं?" "कुळीथ भरडायला होईल." शेवटी वरची तळी नेली, खालची जड म्हणून राहिली, आणि आता वरची तळी बाल्कनीत कुंडीखाली आहे. म्हणजे बघा. रोज संध्याकाळी माळ्यावरून पाचच वस्तू खाली आणा, तिथल्या तिथे ठरवा, मोडीत जाणारी वस्तू त्याच आठवड्यात मोडीत काढा. 'नंतर बघू'वाला ढीग होऊ द्यायचा नाही, तो जसाच्या तसा टेम्पोत चढतो.

खोका डोक्यावरून जातो हे लक्षात ठेवा

पाखाडीवर माणूस खोका हातात धरून उतरत नाही, त्याला पायाखालची पायरी दिसत नाही. तो चुंबळ ठेवून डोक्यावर घेतो. त्यामुळे खोका मध्यम, तळ सपाट, वजन बारा-पंधरा किलोच्या आत. मोठा खोका पुस्तकांनी भरला की तो कुणीच उचलत नाही, मग दोघं उचलतात, मग तळ सुटतो. पुस्तकं लहान खोक्यात, मोठ्या खोक्यात उशा आणि प्लास्टिकचे डबे. कपड्यांना खोकेच नकोत, तांदळाच्या स्वच्छ गोणी घ्या, खांद्यावर बसतात, कोपऱ्यात कोंबता येतात आणि पडल्या तरी काही फुटत नाही.

आंब्याच्या खोक्यांबद्दल एक सांगते. दिसतात छान, मिळतात फुकट, पण हवेसाठी त्यांना भोकं असतात आणि त्यातून मुंग्या, पाणी, धूळ सगळं आत जातं. कप, वाट्या, ताटल्यांना ठीक, कपड्यांना नि कागदांना अजिबात नाही. लाकडी पेट्या मात्र सोन्यासारख्या. आम्ही काचेचं सगळं पेटीत भरलं, खाली पेंढा, मध्ये प्रत्येक कप रद्दीत गुंडाळलेला, वर पुन्हा पेंढा, आणि त्यातला एकही कप फुटला नाही. पेंढा आधी दोन दिवस उन्हात टाका, किडे पळतात. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा, धक्का लागला तर तडकत नाहीत. बबलरॅप टीव्हीपुरता घ्या, बाकीला जुनी लुगडी नि गोधड्या आहेतच, त्या तशाही न्यायच्याच असतात.

खोक्यावर 'किचन' असं लिहू नका. आमच्याकडे १४ खोक्यांवर किचन लिहिलं होतं आणि मिसळणाचा, म्हणजे मसाल्याचा डबा तेराव्यात सापडला. नंबर टाका आणि वहीत नंबरापुढे आत काय ते लिहा. नंबर वर नाही, दोन बाजूंना, कारण रचल्यावर वरचं दिसत नाही. आणि पर्मनंट मार्करनेच. मी मुलीच्या स्केचपेनने लिहिलेलं, त्या साडेदहाच्या सरीनंतर सगळ्या खोक्यांवर निळे ओघळ आणि वाचता येईल असं अक्षर एकही नाही.

बरण्या, आगळ आणि सुकी मासळी

लोणच्याच्या बरण्या टेम्पोत टाकायच्या नाहीत. तोंडाला प्लास्टिकचा कागद, वर फडकं, सुतळीने घट्ट दादरा, आणि बरणी कुणाच्यातरी मांडीवर. आमच्या सासूबाई फेरीबोटीवर गाडीच्या पुढच्या सीटवर कैरीची बरणी मांडीवर घेऊन जयगडपर्यंत बसल्या, खाली उतरून खाडी बघा म्हटलं तरी उतरल्या नाहीत. बरणी नीट पोचली, मागे टेम्पोत नीट बांधून ठेवलेली आगळाची बाटली मात्र लवंडली आणि पांढऱ्या चादरींच्या गोणीवर कोकमाचा जो डाग पडला तो अजून आहे. आगळ काचेच्या बाटलीत, झाकणाखाली प्लास्टिक, बाटली पिशवीत, पिशवी बादलीत, बादली उभी.

सोडे, जवळा, सुके बांगडे नेत असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात आणि कपड्यांपासून लांब. नाहीतर नव्या सोसायटीत तुमची ओळख नावाआधी वासाने होते. पिठं, तांदूळ, डाळी महिनाभर आधीपासून संपवत आणा, नवीन भरू नका.

लोखंड आणि लाईटची वस्तू

खाऱ्या हवेने पलंगाचे नट-बोल्ट गंजून बसलेले असतात. हलवायच्या दिवशी पाना घेऊन बसलात तर दोन तास तिथेच. दोन दिवस आधी त्यावर गंज सोडवायचा स्प्रे नाहीतर थोडं डिझेल सोडून ठेवा. सुटलेले बोल्ट पिशवीत आणि पिशवी त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने.

लोखंडी कपाट पूर्ण रिकामं करा, आतल्या फळ्या काढा, दारं बंद करून सुंभाने बांधा. दागिने, पैसे आधीच अंगावरच्या पिशवीत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, पाणी पुसा, दार उघडं ठेवून सुकवा. न्यायचा उभाच, पण पाखाडीवर थोडा तिरका होतोच, मग नव्या घरी गेल्या गेल्या प्लग लावू नका, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा, कंप्रेसरमधलं तेल खाली बसायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशिन असेल तर ड्रमचे जे बोल्ट कंपनीने दिलेले असतात ते शोधून लावून घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच, आत अॅसिड असतं. टीव्ही आणि इन्व्हर्टरच्या मागच्या वायरी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

गॅस सिलेंडर टेम्पोत टाकून नेऊ नका. गाव बदलत असेल तर सिलेंडर, रेग्युलेटर आणि गॅसचं पुस्तक घेऊन जुन्या एजन्सीत जायचं, डिपॉझिट परत मिळतं आणि टर्मिनेशन व्हाउचर मिळतं, ते नव्या गावात दाखवलं की तिथल्या त्या वेळच्या डिपॉझिटवर कनेक्शन चालू होतं. हे आठवडाभर आधी करायचं असेल तर इंडक्शनवर दिवस काढावे लागतात, आम्ही काढले. भाड्याचं घर सोडत असाल तर महावितरणच्या मीटरचा रीडिंगसकट फोटो, मालकासमोर.

कागद सगळ्यात वेगळे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा कित्येक घरांत सातबारा, दाखले, लग्नाचे फोटो यांचा चिखल झाला. त्यानंतर मी सगळे कागद झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवते, आणि ती फाईल टेम्पोत जात नाही, माझ्याबरोबर जाते. नवं घर वाशिष्ठीच्या किंवा कुठल्याही खाडीच्या अंगाला असेल तर २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा, ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

गाडी भरताना

कपाट आणि फ्रिज केबिनला टेकून, जड खोके खाली, गाद्या कडेने उशीसारख्या, गोण्या फटीत. ताडपत्री गाडीवाल्याची असली तरी आधी उन्हात धरून बघा, भोकं लगेच दिसतात. पाखाडीवर वर एक, खाली गाडीपाशी एक असं आपलं माणूस उभं करा, वही खालच्याकडे, तो नंबर टिक करतो. माणसांना सकाळी पोहे नि चहा, दुपारी जेवण ठरलेलं, हे पैशापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

शेवटी चढेल आणि पहिली उतरेल अशी एक पिशवी ठेवा. त्यात टॉर्च, काडेपेटी, एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, स्क्रूड्रायव्हर, सुरी, मच्छर अगरबत्ती, गोळ्या-औषधं, एक पातेलं, चहा, साखर, दोन चादरी, झाडू, बादली-मग. पहिल्या रात्री लाईट जाते, का ते माहीत नाही पण जाते.

निघताना एक फेरी मारा, हात मोकळे ठेवून, आणि फक्त खिळे, खुंट्या नि दारांच्या मागे बघा. आम्ही कपाटं, माळा, न्हाणीघर सगळं बघितलं. रात्री नऊला रत्नागिरीत चहा उकळला, सासूबाईंनी गाळणं मागितलं, पिशवीत नाही, १४ खोक्यांत नाही, शेवटी माझ्या ओढणीच्या टोकातून चहा गाळला. गणपतीत वाडीतलं दार उघडलं तर गाळणं चुलीवरच्या खिळ्याला लटकत होतं.