पुन्हा वापरता येईल असा मनगटाचा स्प्लिंट कसा बनवावा

मुरगळलेलं मनगट, प्लास्टर निघाल्यानंतरचा अशक्त हात, कार्पल टनेलमुळे, म्हणजे मनगटात नस दबल्यामुळे, रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या. या तिन्हींना चालेल आणि एकाचं काम झालं की दुसऱ्याच्या हातावर बसवता येईल, अशा स्प्लिंटबद्दल हे लिहिते आहे. डॉक्टरांनी हात तपासलेला आहे असं मी धरून चालते. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर मात्र परत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथलं स्कॅफॉइड हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत ते कित्येकदा दिसत नाही.

भाग चार: खिसा शिवलेली कापडी बाही, खिशात सरकणारी सुमारे २ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्या टोकाला थर्मोप्लास्टिकचा (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) तळवा आणि वेल्क्रोचे तीन पट्टे. बाहीच्या आत काढता येणारं सुटं अस्तर.

बाहीची लांबी मनगटापासून कोपरापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांश ठेवा. आखूड केली तर मागची कड हातात रुतते. पुठ्ठ्याचा नमुना कापून हातावर धरून पाहा, मगच कापड कापा.

पट्टी गोल नळीवर वाकवा, टेबलाच्या धारेवर नाही. मुरगळलेल्या किंवा अशक्त मनगटासाठी ते २० ते ३० अंश मागे, हाताच्या पाठीकडे झुकलेलं ठेवतात. कार्पल टनेलसाठी जवळजवळ सरळ, कारण मनगट सरळ असताना नसेवरचा दाब सर्वांत कमी असतो. कोन बदलायचा तर पट्टी बाहेर काढून पुन्हा वाकवायची, पण दर वेळी अ‍ॅल्युमिनियम थोडं कडक होत जातं. वाकाच्या जागी बारीकशी चीर दिसली तरी ती पट्टी टाकून द्या.

आता तळवा. सगळं गणित इथेच बिघडतं.

मी पहिले कितीतरी स्प्लिंट तळव्याची पुढची कड सरळ कापून केले. दिसायला नीटनेटके होते. मग एक बाई तीन आठवड्यांनी तपासायला आल्या. मनगट उत्तम होतं, पण मूठ वळेना. अनामिका आणि करंगळी मुळातून वाकतच नव्हत्या. दुखापत मनगटाला झाली होती आणि बोटं मी आखडवली होती. ती पुन्हा वळायला जितके दिवस लागले, तितके मनगटालाही लागले नव्हते.

कारण साधं आहे. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ असताना त्याच्या दोन्ही बाजूंचे, हाडं जोडणारे अस्थिबंध सैल असतात, वाकवल्यावर ताणले जातात. सांधा बरेच दिवस सरळच अडकून राहिला तर ते सैल स्थितीतच आखूड होतात, आणि मग बोट वाकत नाही. म्हणून मनगट धरायचं, बोटांची मुळं मोकळी सोडायची.

कड कुठे थांबवायची हे हातावरच लिहिलेलं आहे. हात पाहणारे जिला हृदयरेषा म्हणतात, ती करंगळीच्या बाजूची मर्यादा. तर्जनीच्या बाजूला मस्तकरेषा. कड या दोन्हींच्या थोडी मागेच राहिली पाहिजे, म्हणजे ती आपोआप तिरकी होते, करंगळीकडे उतरती. अंगठ्याच्या बाजूला आयुष्यरेषेच्या आत शिरायचं नाही, नाहीतर अंगठा करंगळीला टेकत नाही.

तिरकेपणा एवढ्यावर संपत नाही. तळहात सपाट नसतो. मूठ अर्धी वळा आणि समोरून पाहा: करंगळीची आणि अनामिकेची बाजू वर उचलली जाते, मध्ये वाटीसारखा खोलगट भाग होतो. तळवा या वाटीत बसायला हवा. सपाट पत्र्यावर हात बांधला की ही कमान मोडते आणि पकड जाते. तळहातात बँडेजचा गोळा ठेवायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. गोळा फिरतो, चेपतो आणि नेमका बोटांच्या मुळाशी जाऊन अडतो.

म्हणून तळव्याला ३.२ मिमी जाडीचं, कमी तापमानाला मऊ होणारं थर्मोप्लास्टिकच वापरा. ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात मऊ होऊ द्या, पंचाने टिपा, आधी स्वतःच्या हातावर टेकवून चटका बसत नाही ना ते बघा, मग समोरच्याच्या तळहातावर घडवा. कडक व्हायला तीन ते पाच मिनिटं मिळतात. त्या वेळात बोटांच्या टोकांनी दाबू नका. तुमच्या बोटांचे खळगे उमटतात आणि नंतर तेच टोचतात. आपल्या पूर्ण तळहाताने, हळूच दाबा. घाईत वाकडं झालं तर परत पाण्यात टाका. पुढच्या माणसासाठीही हाच तुकडा पुन्हा मऊ करून घडवता येतो. ‘सगळ्यांना बसणारा एकच साइझ’ मला मान्य नाही: पट्टे आणि कोन बदलता येऊ देत, पण तळवा प्रत्येक हातासाठी नव्याने घडवायचाच.

गार झाल्यावर मूठ वळायला सांगा. दोन्ही रेषा पूर्ण दिसल्या आणि चारही बोटं मुळातून वळली तरच तळवा दोन स्क्रूंनी पट्टीवर बसवा. पट्टीतली भोकं लांबट ठेवा, म्हणजे तळवा पुढेमागे सरकवता येतो.

मनगटाजवळ करंगळीच्या बाजूला वर आलेलं हाड असतं. त्याच्यावर फोम चिकटवू नका, दाब उलट वाढतो. बाहीचं कापड तिथे कापून भोवती फोम लावा.

पट्टे तळहातावर, मनगटावर आणि कोपराकडच्या टोकाला. स्प्लिंट सरकतो म्हणून लोक सगळेच आवळतात. खरं तर मनगटावरचा पट्टा रुंद आणि नेमक्या जागी असला की तो सरकत नाही. पट्टे एका हाताने बांधायचे असतात, म्हणून टोकाला अंगठा अडकेल असा फास शिवा. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, तेव्हा पट्ट्यांची लांबी ४-५ सेंमी जास्त ठेवा. बोटात अंगठी असेल तर ती आधी काढा.

पहिल्यांदा अर्धा तास घालून काढा. लालसर डाग २० मिनिटांत गेला नाही तर त्या जागी दाब पडतो आहे, दुरुस्त करा. बोटं बधिर, निळसर किंवा गार पडली तर लगेच सोडा. सोडूनही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.

नव्या माणसाला देताना अस्तर आणि फोम नवीन, बाही वेल्क्रो बंद करून धुतलेली, तळवा साबणाने धुऊन ७० टक्के अल्कोहोलने पुसलेला. तळवा उकळू नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तो वितळून आकार सोडतो. उघड्या जखमेवर वापरलेला स्प्लिंट मी दुसऱ्याला देत नाही.