डिझाइन कॉलेज निवडताना या चुका टाळा

डिझाइन कॉलेजचं माहितीपत्रक देखणं नसेल तरच नवल, तोच तर त्यांचा विषय! तरीही बहुतेक जण त्यावरच भाळतात. त्यात छापलेलं काम वर्गातल्या दोन-चार हुशार मुलांचं असतं आणि ती मुलं कुठेही चमकलीच असती. कॉलेजची खरी पारख मधल्या फळीतल्या मुलांच्या कामावरून होते. वर्षाअखेरच्या प्रदर्शनाला जा, गर्दी नसलेल्या टेबलापाशी थांबा आणि स्केचबुक बघायला मागा. कच्ची रेखाटनं, फसलेले प्रोटोटाइप, अर्ध्यात बदललेली दिशा असं काही दिसलं, तर तिथे विचार करायला शिकवतात. नुसते चकचकीत रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेली गुळगुळीत चित्रं, दिसले, तर सॉफ्टवेअर शिकवतात. सगळे पोर्टफोलिओ एकाच साच्यातले असतील, तर मी तरी तिथे फी भरणार नाही.

प्राध्यापकांच्या यादीतली बडी नावं बघून हुरळून जाऊ नका. ती माणसं दर आठवड्याला स्टुडिओत असतात की वर्षातून एकदा भाषणाला येतात? जर्मनीतलं बाउहाउस हे डिझाइनचं विद्यालय १९१९ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या कार्यशाळांत जोडीने शिकवत: एक कलावंत रूपाची जाण देई, दुसरा कारागीर हाताला वळण लावी. आजही या दोन्ही बाजू शिकवणारं कुणी आहे का, ते पाहा. जमल्यास एखाद्या ज्युरीला, म्हणजे मुलं परीक्षकांसमोर आपलं काम मांडतात तेव्हा, मागे बसून ऐका. ‘छान आहे, रंग बदल’ एवढ्यावर आटोपत असेल, तर समजून जा. ‘हे असंच का केलंस?’ असं विचारून मुलाला घाम फोडत असतील, तर कॉलेज बरं आहे.

कार्यशाळेत यंत्रं आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांना हात लावू देतात का? शिकवायला तंत्रज्ञ असतो का? कुलूप किती वाजता लागतं? लेझर कटरवर धूळ असेल, तर उत्तर मिळालंच.

प्लेसमेंटच्या जाहिरातीतला सर्वोच्च पगार विसरा. सरासरीवरही विसंबू नका, एकाच गलेलठ्ठ पगाराने ती फुगते. पास किती झाले, त्यांतल्या किती जणांना डिझाइनचंच काम मिळालं आणि इंटर्नशिपही नोकरीत मोजली आहे का, हे विचारा.

पदवी नेमकी कोण देतं आणि तिला मान्यता आहे का, हे नियामक संस्थेच्या यादीत स्वतः तपासा. ‘मान्यतेची प्रक्रिया सुरू आहे’ म्हणजे आज मान्यता नाही.

कागद, मॉडेलचं साहित्य, छपाई, सॉफ्टवेअर यांचा खर्च अनेकदा फीमध्ये धरलेला नसतो. त्याचा खरा आकडा ऑफिसात नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे मिळेल.