गोव्यात कळंगुट-कांदोळीत राहायला येताय? बेळगाव-खानापूरकरांसाठी

खोली डिसेंबरात शोधू नका. सीझन ऑक्टोबर ते मे. नाताळाच्या आसपास दर दिवसावर ठरतात, महिन्याच्या भाड्याने कुणी दारात उभं करत नाही. जूनमध्ये या, भर पावसात. भाडं उतरलेलं असतं आणि घराची खरी तब्येतही तेव्हाच कळते. कपाट पुढं ओढून मागची भिंत बघा. चिऱ्याची भिंत खालून ओल ओढते, त्यामुळे फक्त खालच्या दोन-तीन फुटांवर ताजा रंग दिसला तर समजून जा. किनाऱ्याला लागून घर असेल तर विहिरीचं पाणी चाखा, साबण लावून बघा. खारट पाण्यात फेस येत नाही, डाळही शिजता शिजत नाही. पावसात गोड लागलेलं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, तेव्हा शेजाऱ्यांना उन्हाळ्यातलं विचारा. टँकर कोण मागवतं तेही.

करार ११ महिन्यांचा आणि लेखीच. पावसाळ्यापुरतं स्वस्तात देऊन ऑक्टोबरात सामान बाहेर काढायला लावणारे मालक भेटतात. विजेच्या मीटरचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. ती दिल्याची पोच मागून घ्या.

हॉटेलचं किंवा शॅकचं (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळीचं) काम असेल तर जून ते सप्टेंबर हात आखडून राहावं लागतं. शॅक मोडतात, हॉटेलं माणसं कमी करतात. चार महिन्यांचं भाडं-किराणा मेपर्यंत बाजूला पडलेला हवा.

भाजीची आठवण काढू नका, ती बेळगावचीच असते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर स्वस्त मिळते. चोर्ला घाट बंद पडला की मात्र भाव चढतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, म्हणून सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) मेमध्येच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भरून ठेवा, हवाबंद डब्यात.

खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही. दुचाकी आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग चेनला तेल. ओल्या चेनला तेल लावलं तर पाणी आतच अडकतं आणि गंज लवकर धरतो. कुलपं पितळी घ्या. पट्टे, चपला, बॅगा पावसात बंद कपाटात ठेवल्या की बुरशी आलीच. केए २२ची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथं ठेवायची तर बेळगाव आरटीओची एनओसी घेऊन इथली नोंदणी करावी लागते.

समुद्राचं भय ठेवा. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. फुटणाऱ्या दोन लाटांमधला शांत दिसणारा पट्टा सर्वात वाईट. परतीचा ओढा तिथूनच जातो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवं पोहत त्यातून बाहेर पडा.

गणपतीला गावी निघताना पिशवीत दारूच्या बाटल्या भरू नका. परवान्याशिवाय त्या कर्नाटकात नेता येत नाहीत, आणि कणकुंबीच्या नाक्यावर बस थांबवून झडती घेतात.